वनविद्या आणि गृहस्थधर्म

मे महिना सरून पावसाची पहिली सर येण्याच्या सुमारास आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक ठराविक वाद दरसाल रंगतो. मुलाची किंवा मुलीची गुणपत्रिका हातीं आलेली असते, शेजारीं पेढे वांटून झालेले असतात, आणि पेढ्यांचा पुडा रिकामा होतो न होतो तोंच ‘पुढें काय?’ हा प्रश्न घरांत येऊन बसतो. या प्रश्नाचीं उत्तरें बहुधा तयारच असतात. वैद्यकी, अभियांत्रिकी, संगणक, हिशेबतपासनिसाची परीक्षा, नाहींतर सरकारी नोकरीसाठीं स्पर्धापरीक्षा! या यादीबाहेरचें उत्तर एखाद्या मुलानें दिलें म्हणजे घरांतील वडील माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात, आणि कोणा तरी शिकल्यासवरल्या परिचिताकडे मुलास नेऊन ‘याला जरा समजवा’ म्हणून विनंति करतात. अध्यापनाचा धंदा पत्करलेल्या आमच्यासारख्या माणसाच्या वांट्यास हें समजावण्याचें काम वारंवार येतें.

यंदाहि तें आलें. सहकारी बँकेंत नोकरीस असलेले आमचे एक स्नेही आपल्या मुलीस घेऊन आमच्या सातारच्या घरीं आले. मुलगी बारावीस उत्तम गुण मिळवून उत्तीर्ण झालेली. तिची इच्छा अशी कीं, प्राणिशास्त्र घेऊन पदवी मिळवावी आणि पुढें परिसरशास्त्र व वन्यजीवसंरक्षण या विषयांत एम्. एस्सी. करावें. स्नेही म्हणाले, “सर, तुमचें ती ऐकते, म्हणून आलों. रानांत हिंडायला पदवी कशाला लागते? आणि पदवी घेऊन पुन्हा रानांतच हिंडायचें असेल, तर उद्यां संसार कशावर चालवायचा?” मुलगी बराच वेळ खालीं पाहत बसली होती. मग ती आम्हांस म्हणाली, “काका, तुम्हीं तत्त्वज्ञान घेतलें, तेव्हां तुमच्या वडिलांनीं हेंच विचारलें होतें कां?”

विचारलें होतें, हें आम्हांस कबूल करावें लागलें. परंतु त्या दिवशीं आम्ही तिला होय म्हणालों नाहीं, आणि तिच्या वडिलांसहि होय म्हणालों नाहीं. याला कारण आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी हाच विषय मनांत धरून आमच्याकडे आला होता. कासच्या पठारावरील फुलांच्या नोंदी त्यानें वह्यांतून करून ठेविल्या होत्या. त्या आम्हीं चाळल्या, त्याचें कौतुक केलें, आणि व्यवहार सांगून त्याला दुसऱ्या वाटेस लाविलें. आज तो एका विमा कंपनींत चांगल्या हुद्द्यावर आहे. दिवाळीस न चुकतां भेटतो आणि आमचे आभार मानतो. त्या वह्यांविषयीं मात्र तोहि बोलत नाहीं व आम्हीहि विचारीत नाहीं. आपण त्याचें हित केलें कीं अहित, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. म्हणून हा प्रश्न या खेपेस घाईनें न सोडवितां तो नीट मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही विद्या म्हणजे काय तें पाहूं. ‘इकॉलॉजी’ हा शब्द जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यानें १८६६ सालीं बनविला. त्याच्या मुळाशीं घर या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि अर्थशास्त्राच्या इंग्रजी नांवाच्या मुळाशींहि तोच आहे. एका घरांत कोण कोण राहतें, कोण कोणावर पोसतें, कोणाच्या जाण्यानें कोणाचें अडतें, याचा हिशेब म्हणजे परिसरशास्त्र. आमच्या स्नेह्यांस चिंता घराची होती. मुलगीहि घराचाच विचार करीत होती. तिचें घर तेवढें मोठें होतें.

या विद्येविषयीं आमच्या लोकांत दोन गैरसमज आहेत. उघड्या जीपगाडींतून वाघ पाहावा, त्याचें छायाचित्र घ्यावें व तें चार मित्रांस धाडावें, म्हणजे वन्यजीवांचा अभ्यास झाला, हा एक. मुक्या प्राण्यांवर दया असली म्हणजे पुरे, हा दुसरा. वास्तविक या विद्येचा बराचसा भाग रुक्ष आहे. विष्ठेचे नमुने गोळा करणें, एकाच ओढ्याकांठीं महिनोन्‌महिने तेच बेडूक मोजणें, गवताच्या जाती ओळखणें, आणि रात्रीं दिव्याखालीं बसून संख्याशास्त्राचीं गणितें करणें, हें तिचें नित्यकर्म होय. मोजणीचें महत्त्व किती आहे याचें उदाहरण वाघाचेंच घ्या. १९७२ सालच्या गणनेंत देशांत १८२७ वाघ असल्याचें सांगण्यांत आलें, २००६ सालच्या गणनेंत १४११, आणि २०२२ सालच्या गणनेंत ३६८२. हे आंकडे नुसते एकाखालीं एक मांडून अनुमान काढणारा फसेल; कारण पहिला आंकडा पायांच्या ठशांवरून काढलेला आहे व नंतरचे आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या व संख्याशास्त्राच्या साह्यानें. ठशांवर विसंबल्याचा परिणाम २००४-०५ सालीं राजस्थानांतील सरिस्का येथें दिसला. कागदावर वाघ नांदत होते, आणि रानांत एकहि उरला नव्हता. ठशांच्या पद्धतीवर टीका करून कॅमेऱ्यांची पद्धत आपल्याकडे रुजविणाऱ्यांत उल्हास कारंत हे अग्रगण्य होते, आणि ते मूळचे यंत्रशास्त्राचे पदवीधर, ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

दयाबुद्धीचें म्हणाल, तर भरतपूरच्या केवलादेव पाणथळीची हकीगत फार उद्बोधक आहे. तेथील पक्ष्यांस म्हशींचा उपद्रव होतो अशी समजूत होती, व पक्ष्यांवर प्रेम करणाऱ्या जाणत्यांचेंहि मत तसेंच होतें. १९८२ सालीं तेथें गुरें चारण्यास बंदी झाली. आसपासच्या गांवकऱ्यांनीं विरोध केला, गोळीबार झाला, माणसें प्राणांस मुकलीं. पुढें मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें त्या पाणथळीचा वर्षानुवर्षें अभ्यास केला, तेव्हां असें निष्पन्न झालें कीं, म्हशी चरेनाशा झाल्यामुळें पाण्यांत गवत बेसुमार माजलें, तळीं गुदमरूं लागलीं, आणि ज्या पक्ष्यांसाठीं हा खटाटोप केला त्यांतील पुष्कळांची गैरसोयच झाली. येथें हेतु वाईट होता असें कोण म्हणेल? प्रेम होतें, परंतु ज्ञान नव्हतें, आणि त्या अज्ञानाची किंमत भलत्यांनींच मोजली. केवळ सद्भावनेवर कृति करण्याचा हक्क माणसास कितपत आहे, हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न येथें पुस्तकांतून उठून गांवच्या वेशीवर येतो.

असाच प्रकार आपल्या जुन्नरकडे घडला. पकडलेले बिबटे दूरच्या रानांत नेऊन सोडावे, म्हणजे गांवकरीहि सुखी व बिबटेहि सुखी, असा सरळ विचार त्या काळीं होता. २००१ पासून दोन-तीन वर्षें त्या भागांत माणसांवरील हल्ले एकाएकीं वाढले. विद्या अत्रेय यांनीं या प्रकरणाचा अभ्यास केला, तेव्हां परक्या मुलुखांत नेऊन सोडण्याची ही रीतच हल्ले वाढण्यास कारण झाली असावी असें दिसून आलें. २००९ सालीं नगर जिल्ह्यांतील एका विहिरींत पडलेला बिबट्या त्यांनीं गळ्यांत यंत्र बांधून माळशेजच्या बाजूस सोडला. तो सुमारें सव्वाशें किलोमीटर चालून मुंबईच्या परिसरांत पोंचला. ‘आजोबा’ हें त्याचें नांव पुढें चित्रपटामुळें घरोघरीं झालें. माणसाच्या मुलखांतून तो इतका चालला आणि त्यानें कोणास इजा केली नाहीं, ही गोष्ट कॉलर नसती तर कोणास कळलीहि नसती.

तिसरें उदाहरण गिधाडांचें. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एकहि उरूं नये इतकीं घटलीं. रोग असेल, कीटकनाशक असेल, अन्न तुटलें असेल, असे तर्क झाले. २००४ सालीं सिद्ध झालें कीं गुरांच्या दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या जनावराच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत जातें व त्याचे मूत्रपिंड निकामी करतें. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठींच्या या औषधावर बंदी घातली. शेतकऱ्यानें आपल्या लंगडत्या बैलास दयेनें टोंचविलेली सुई आणि आकाशांतून नाहींसे झालेले पक्षी, यांचा सांधा जुळविणें हें नुसत्या हळहळण्यानें होण्यासारखें काम नव्हे. त्याला शवचिकित्सा लागते, रसायन लागतें, आंकडेमोड लागते. रानांत हिंडायला पदवी कशाला, या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें मिळतें.

अर्धें म्हणण्याचें कारण असें कीं, पदवी आणि ज्ञान या एकच वस्तु नव्हेत. डॉ. सालिम अली यांचें चरित्र या बाबतींत फार बोलकें आहे. १८९६ सालीं जन्मलेल्या या पक्षिशास्त्रज्ञाजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि ती नसल्यामुळेंच सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यांतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांस मिळाली नाहीं. पुढें मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील नोकरीहि गेली, तेव्हां किहीम येथें समुद्रकांठीं राहून त्यांनीं सुगरणींचीं घरटीं न्याहाळलीं व त्यावर जो निबंध लिहिला, त्यानें त्यांस नांव मिळवून दिलें. उतारवयांत अलीगड व दिल्ली येथील विद्यापीठांनीं त्यांस सन्मानपूर्वक डॉक्टरेट अर्पण केली. यावरून पदवी निरुपयोगी आहे असें अनुमान तरुण मंडळी काढतात. तें चुकीचें आहे. किहीमला जाण्यापूर्वीं हेच सालिम अली बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखालीं शिकून आले होते. कागद त्यांच्याजवळ नव्हता, पण गुरु होता, शिस्त होती, आणि मारुती चितमपल्ली यांनीं वनखात्याच्या नोकरींत जसें दीर्घकाळ रानांत राहून पाहिलें, तसें पाहण्याचा सरावहि होता. आज ज्यास ना गुरु ना सराव, त्यानें सालिम अलींचें नांव पुढें करून कागदाचा तिरस्कार करणें म्हणजे केवळ आळसास थोराचें पांघरूण घालणें होय.

आतां पोटाचा प्रश्न. याविषयीं तरुणांस फसविणें आम्ही पाप समजतों. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ सालीं स्थापन झाली. तेथें आणि बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत या विषयाची एम्. एस्सी. करतां येते, परंतु जागा मोजक्याच असतात. पदवी मिळाल्यावर जें काम मिळतें तें बहुधा एखाद्या प्रकल्पापुरतें असतें, आणि प्रकल्पाचा पैसा संपला कीं कामहि संपतें. वेतन बेताचें, घरापासून दूर राहणें नित्याचें, मलेरिया आणि जळवा यांची सोबत फुकट. मुलगी असेल तर आईबापांची काळजी दुणावते, व ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. हें सर्व मान्य करून एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, ज्या वाटा आपण खात्रीच्या समजतों त्या तरी खात्रीच्या आहेत कां? अभियांत्रिकीचीं महाविद्यालयें गांवोगांव निघालीं, आणि पुढें विद्यार्थ्यांअभावीं त्यांतील कित्येक बंद पडलीं, हें आपण आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. खात्री म्हणून जी वस्तु आपण मुलांस देतों ती पुष्कळदां केवळ गर्दीची सोबत असते. चारचौघांबरोबर बुडण्यांत माणसास एकट्यानें तरण्याहून कमी भय वाटतें, एवढाच त्याचा अर्थ.

पोटाच्या प्रश्नाहून वजनदार असा एक आक्षेप आहे, आणि तो आमच्या स्नेह्यांनीं घेतला नाहीं याचें आम्हांस नवल वाटलें. ज्या देशांत माणसांसच पुरेसें मिळत नाहीं तेथें एका बुद्धिमान मुलीनें आपलें तारुण्य बेडकांस आणि माळढोकांस द्यावें, हें न्याय्य आहे काय? यावर नेहमीचें उत्तर उपयुक्ततेचें असतें. रान आहे म्हणून कोयनेस पाणी आहे, वटवाघूळ आहे म्हणून फळें धरतात, वगैरे. तें खोटें नाहीं. पण त्यावर आम्ही सर्व भार टाकूं इच्छीत नाहीं. कारण उपयोग हेंच मोल ठरविलें कीं, ज्या जीवाचा उपयोग सिद्ध होणार नाहीं त्याची बाजू घेणारा कोणी उरत नाहीं.

आमच्या धर्मशास्त्रानें गृहस्थास रोज पांच यज्ञ सांगितले आहेत, आणि त्यांत भूतयज्ञ हा एक आहे. आपण जेवण्यापूर्वीं प्राणिमात्रास त्यांचा वांटा द्यावा, असा त्याचा आशय. हें सांगण्यांत आमच्या पूर्वजांस परिसरशास्त्र ठाऊक होतें असा डांगोरा पिटण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. ज्या परंपरेंत देवराईच्या झाडाची फांदीसुद्धां तोडीत नाहींत, त्याच परंपरेंत खांडववन जाळल्याची कथाहि मोठ्या भक्तीनें वाचली जाते. सांगावयाचें तें निराळेंच. इतर जीवांचें देणें हें संन्याशावर नसून संसारी माणसावर आहे, असें त्या विधीनें मानलें. घर चालविणाऱ्यासच हें देणें लागू आहे. म्हणजे ‘आधीं घर, मग उरलें तर रान’ हा जो क्रम आमचे स्नेही गृहस्थधर्म म्हणून सांगत होते, तो गृहस्थधर्माच्याच यादीशीं जुळत नाहीं.

परंतु याच विधींत एक अट आहे, ती विसरतां कामा नये. आहुति आपल्या ताटांतली द्यावी लागते. शेजाऱ्याच्या ताटांतला घांस उचलून कावळ्यास घालणाऱ्यास यज्ञाचें पुण्य नाहीं. गेल्या अर्धशतकांत वन्यजीवसंरक्षणाच्या नांवानें आपल्याकडे जें झालें त्यांतील कांहीं भाग असा शेजाऱ्याच्या ताटांतला आहे, हें प्रामाणिकपणें म्हटलें पाहिजे. आमच्याच बाजूस चांदोलीच्या रानांतून गांवेंच्या गांवें धरणासाठीं व अभयारण्यासाठीं उठविलीं गेलीं, आणि २०१० सालीं कोयना व चांदोली मिळून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ राहावा असें सातारा-पुण्याच्या आम्हां सुशिक्षितांस मनापासून वाटतें, आणि त्याची किंमत ज्यानें मोजली त्याचा पत्ता आम्हांस ठाऊक नसतो. उलट बाजूस गडचिरोलींतील मेंढा-लेखा गांव पाहा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ सालीं त्या गांवास आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळाला, आणि रान राखण्याचें काम गांवानें स्वतःच्या ग्रामसभेंत बसून चालविलें. सत्तरच्या दशकांत माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां त्यांस माहिती देणारे लोक पदवीधर नव्हते, गांवचे गुरव आणि धनगर होते. सुशिक्षितानें तेथें जातांना शिकविण्याच्या आधीं ऐकण्याची तयारी ठेवावी, हें या विषयाच्या पदवीचें खरें मोल. तें न शिकविणारी पदवी एक जादा अधिकारी निर्माण करील, आणि अधिकाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं.

म्हणून आक्षेपाचें आमचें उत्तर असें. माणूस आणि प्राणी यांत निवड करावयास सांगणारा हा विषय नव्हे. भरतपूरच्या म्हशी, जुन्नरचे बिबटे आणि बैलाच्या सुईनें मेलेलीं गिधाडें या तिन्ही ठिकाणीं चूक कोठें झाली तें शोधणाऱ्यानें माणसाचेंच ओझें हलकें केलें आहे. असें शोधणारीं माणसें समाजास हवीं असतील, तर तीं कोणाच्या तरी घरांतून यावयास हवींत. ‘हवीं आहेत, पण आमच्या घरांतून नकोत,’ असें प्रत्येक बापानें म्हटलें तर त्या म्हणण्यास नीतीचा पाठिंबा कसा मिळेल? आम्हीं वीस वर्षांपूर्वीं त्या विद्यार्थ्यास जो सल्ला दिला त्यांत व्यवहार चुकला नव्हता. चुकलें तें एवढेंच कीं, हा प्रश्न त्याच्यापुढें आम्हीं ठेविलाच नाहीं. ज्या निवडीचें दुःख वा सुख त्यानें भोगावयाचें, ती आम्हींच उरकून टाकिली.

तेव्हां बापानें काय करावें व मुलीनें काय करावें? बापानें विचारण्याचा हक्क सोडूं नये; ठरविण्याचा सोडावा. मुलीनें ठरविण्याचा हक्क मागतांना विचारलेल्या प्रश्नांस उत्तरें देण्याचें कर्तव्य टाळूं नये. पदवीचा पाया विस्तीर्ण असावा. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र, आणि त्याच्या जोडीस संख्याशास्त्र, असें शिक्षण घेतल्यास भारतीय वनसेवेची परीक्षा, अध्यापन, प्रयोगशाळा अशा इतर वाटा बंद होत नाहींत, आणि विशेष अभ्यास एम्. एस्सी. पर्यंत थांबूं शकतो. परदेशच्या पदवीसाठीं बापाचें घर गहाण टाकूं नये. आणि पदवीला बसण्यापूर्वीं एक पावसाळा एखाद्या अभ्यासकाच्या हाताखालीं वह्या भरून पाहाव्या. कंटाळ्याच्या कसोटीस प्रेम उतरलें तर पुढें जावें. न उतरलें तर त्यांत लाज नाहीं. प्राण्यांवर प्रेम करणारा प्रत्येकजण त्यांचा अभ्यासक झालाच पाहिजे असा नियम नाहीं, जसा देवभक्तानें पुजारी झालेंच पाहिजे असा नाहीं.

हें सर्व आम्हीं दोघांस बसवून सांगितलें. आमच्या स्नेह्यांचें समाधान झालें असें म्हणवत नाहीं. त्यांची भीति खरी आहे, आणि आपल्या ताटांतला घांस रोज मुलांस देत आलेल्या माणसाच्या भीतीस हंसण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. जातांना त्यांनीं मुलीस विचारलें, “संख्याशास्त्र जमेल ना तुला?” मुलगी म्हणाली, “जमवीन, बाबा.” प्राणिशास्त्राचा अर्ज त्यांनीं भरला असल्याचें परवां कळलें. पुढें काय होईल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. आमच्या वडिलांसहि तें सांगतां आलें नव्हतें. या दिवाळीस तो जुना विद्यार्थी भेटावयास येईल, तेव्हां त्या वह्या अद्याप जपून ठेविल्या आहेत काय, एवढें त्याला विचारण्याचें आम्हीं ठरविलें आहे.